शिष्यवृत्तीच्या बदल्यात सेवा: सरकारी सायबर शिक्षणाची पार्श्वभूमी

नाशिकरोडला नोटांचा छापखाना, ओझरला विमानांचा कारखाना, एकलहऱ्याला वीजकेंद्र, त्र्यंबक रस्त्याला पोलीस अकादमी. संगणकाची राखण करायला माणसं हवीत अशी ठिकाणं इथे हाकेच्या अंतरावर आहेत. तरी सायबर सुरक्षेत एम.टेक. झालेली इथली पोरं पुण्याची बस धरतात.

गंमत म्हणजे या विषयाकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं ते एका पदव्युत्तर विद्यार्थ्यामुळेच. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिसने २ नोव्हेंबर १९८८ रोजी सोडलेल्या 'वर्म'ने, म्हणजे एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, अंदाजे ६,००० संगणक जेरीला आणले. असे हल्ले हाताळणारं अमेरिकेतलं पहिलं 'सर्ट' पथक त्याच महिन्यात उभं राहिलं. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी वीज, बँका, दूरसंचार यांच्या संरक्षणाचा आदेश काढला आणि मग प्रश्न आला, माणसं आणायची कुठून? खासगी कंपन्यांइतका पगार सरकार देऊ शकत नव्हतं. म्हणून विद्यार्थ्याला शिकतानाच बांधून घ्यायचं ठरलं. नॅशनल सायन्स फाउंडेशन या तिथल्या सरकारी संस्थेच्या 'सायबरकॉर्प्स' योजनेत फी मिळते, दरमहा खर्चाला पैसे मिळतात, सुट्टीत सरकारी कार्यालयात इंटर्नशिप असते. जितका काळ शिष्यवृत्ती, तितका काळ सरकारी नोकरी. शब्द मोडला तर पैसे परत. मला या योजनेचं मर्म या शेवटच्या अटीत दिसतं. शिक्षण आणि पद एकाच करारात आहे.

आपल्याकडे कायदे आणि अभ्यासक्रम आले. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला, 'सर्ट-इन' हे भारताचं सर्ट पथक २००४ मध्ये सुरू झालं, माहिती सुरक्षेच्या शिक्षणाचा केंद्राचा प्रकल्प २००५ मध्ये. २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत ५ लाख कुशल माणसं घडवायचं उद्दिष्ट होतं. २०१६ मध्ये महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर लॅब झाल्या. पण पदवीपासून पदापर्यंतचा पूल बांधायचा राहिलाच. सायबर ठाण्यात बसणारा अधिकारी बहुधा बदलीवर येतो, दोन-तीन वर्षांत हात बसतो न बसतो तोच पुढच्या बदलीचा आदेश.

कॉलेज रोडच्या एका अभ्यासिकेत एम.टेक. झालेली मुलगी पाहिली. लॅपटॉपवर नेटवर्कची ये-जा दाखवणारं वायरशार्क उघडं, पॅकेटच्या म्हणजे माहितीच्या तुकड्यांच्या रंगीत ओळी सरकताहेत, घुसखोरी कोणत्या ओळीत आहे ते ती बोटाने दाखवू शकते. शेजारी राज्यसेवेची पुस्तकं, पंचायत राजच्या पानात पेन्सिल खुपसलेली. सरकारी नोकरीसाठी तिला आधी ते पान पाठ करायचं आहे.