शेवाळाचा नमुना: फॉर्मलीनच्या बाटलीपासून सिलिका जेलच्या पुडीपर्यंत

डेन्मार्कचे शैवालतज्ज्ञ फ्रेडरिक बोर्गेसेन १९२७-२८ च्या हिवाळ्यात भारतात येऊन आपल्या किनाऱ्यांवर शेवाळ गोळा करत होते, तेव्हा आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये असते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९३५ साली त्यांनी मुंबईच्या सागरी शैवालांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यातली ओळख सगळी आकार, रंग आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पेशींची रचना यांवर बेतलेली. नमुना टिकवायचा तो डोळ्यांना पाहता यावा म्हणून.

तेव्हा मार्ग दोन होते. पहिला कागदाचा. पसरट ट्रेमध्ये समुद्राचं पाणी घ्यायचं, त्यात शेवाळ तरंगू द्यायचं, खालून जाड कागद सरकवून अलगद उचलायचा. वर मलमलचा तुकडा, मग टिपकागद, मग दाब. अनेक लाल शेवाळं आपल्याच चिकाने कागदाला चिकटतात, डिंक लागत नाही. टिपकागद मात्र रोज बदलावे लागतात. मुंबईच्या दमट हवेत एक दिवस चुकला तरी बुरशी धरते.

दुसरा मार्ग फॉर्मलीनचा, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या फॉर्माल्डिहाइडचा. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम यांनी त्याचा ऊती टिकवण्याचा गुण दाखवला आणि प्रयोगशाळांचे कप्पे बाटल्यांनी भरले. आकार उत्तम राहतो, पातळ काप घेता येतात. पण फॉर्माल्डिहाइड प्रथिनं आणि डीएनए यांना एकमेकांशी जखडून टाकतं, आणि त्यातून हळूहळू तयार होणारं फॉर्मिक आम्ल डीएनएचे तुकडे करतं. आज अशा बाटलीतून डीएनएचा वाचण्याजोगा क्रम, म्हणजे त्यातल्या घटकांची रांग, मिळवणं फार अवघड जातं. कागदावरच्या नमुन्यांनी उलट चकित केलं. २००१ मध्ये ह्यूई, सिल्व्हा आणि हॉमरसँड यांनी हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) जुन्या मूळ नमुन्यांतून, म्हणजे ज्यांवरून जातींना नावं दिली गेली त्याच नमुन्यांतून, डीएनए मिळवून प्रशांत महासागरातल्या लाल शैवालांच्या नावांचा गुंता सोडवला.

यामागचं कारण साधं आहे. पेशी मरू लागली की तिच्यातलीच विकरं (एन्झाइम) डीएनए कापू लागतात, आणि त्यांना काम करायला पाणी लागतं. पाणी लवकर काढून घेतलं की कापाकापी थांबते. चेस आणि हिल्स यांनी १९९१ मध्ये पानांसाठी सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे खडे, सुचवलं ते याच तत्त्वावर. बर्फ नको, द्रव नायट्रोजन नको; नमुन्याच्या किमान दहापट वजनाचे कोरडे खडे आणि घट्ट बंद होणारी पिशवी पुरते.

शेवाळाने यात आपली अडचण घातली. शेवाळाच्या पेशीभित्तीतल्या आगर, कॅराजीनन, अल्जिनेट यांचा चिकट गर डीएनएसोबतच उतरतो आणि पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती बनवण्याची, अभिक्रिया अडवतो. गंमत अशी, की डीएनएचे तुकडे वेगळे करून पाहायला ज्याची जेली वापरतात तो अगारोजही लाल शेवाळातूनच येतो. म्हणून कोवळं टोक घ्यावं: तिथे पेशी दाट असतात आणि वर वाढणारे इतर जीव कमी. त्याहून महत्त्वाचं, ते समुद्राच्याच स्वच्छ पाण्यात धुऊन भिंगाखाली पाहावं. चिकटलेला एक बारीक धागा राहिला तरी यंत्र भलत्याच जातीचा क्रम देऊ शकतं. टोक टिपकागदावर कोरडं करून पातळ कागदी पुडीत, आणि पुडी खड्यांत. निळे खडे गुलाबी झाले की लगेच बदलायचे. मुंबईत पिशवी वारंवार उघडली तर ते फार लवकर गुलाबी होतात.

इतका खटाटोप कशासाठी, हे आपल्या खडपांवरच्या हिरव्या शेवाळाने दाखवून दिलं. पानासारखं पसरट ते उल्वा आणि नळीसारखं ते एन्टेरोमॉर्फा, असं पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. २००३ मध्ये हेडन आणि सहकाऱ्यांनी डीएनएवरून दाखवलं की हे दोन वेगळे वंश (जातींचे गट) नाहीतच. आता सगळं उल्वाच. जुन्या याद्यांतली बरीच नावं त्यामुळे पुन्हा तपासावी लागतात, आणि त्यासाठी त्याच किनाऱ्यावरचे ताजे नमुने हवेत.

माझं ठाम मत आहे की एकाच झाडाचे दोन भाग ठेवल्याशिवाय नमुना पुरा होत नाही. टोक सिलिकात, उरलेलं कागदावर, दोन्हींवर एकच क्रमांक, तारीख, जागा आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली उंची. नुसता क्रम हाती असेल तर तो कोणत्या झाडाचा हे पडताळता येत नाही. वरळी-हाजीअलीच्या बाजूला सागरी मार्गाच्या भरावाखाली किनाऱ्याचा काही भाग गेलाच आहे. तिथलं पूर्वीचं शेवाळ कुणाच्या कपाटात कागदावर वाळून पडलं असेल, तर त्याचा चिमूटभर तुकडाही आज तपासता येईल.