वजन उतरलं, मग कोलेस्टेरॉल तिथंच का?

पौषात जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदच्या शिवारात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, आणि आतेभावाने खिशातून रक्ततपासणीचा रिपोर्ट काढून माझ्या हातात दिला. आठ महिन्यांपूर्वी त्याने वजन कमी करायची शस्त्रक्रिया करून घेतली. ११८ किलोंचा गडी ८६ वर आला, शुगरची गोळी सुटली. पण एकूण कोलेस्टेरॉल आधी २१० होतं, आता २००. त्याचा प्रश्न सरळ होता : "इतलं वजन कमी व्हयनं, तरी हाऊ आकडा तठेच काबर शे?"

पोटावरची चरबी आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल एकच, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. तसं नाही. पोटाच्या घेरात साठतात ती मुख्यतः ट्रायग्लिसराइड्स. ते शरीराचं इंधन. गरज पडली की जळतं. कोलेस्टेरॉल मेणासारखं असतं, प्रत्येक पेशीच्या आवरणाला लागतं, आणि ते इंधन म्हणून जाळता येत नाही. त्याची कड्यांची रचना मोडणारं यंत्रच आपल्या शरीरात नाही. ते बाहेर पडायची मोठी वाट एकच, यकृतातून पित्तरसात आणि तिथून आतड्यात.

भावाच्या रिपोर्टमधले बाकीचे आकडे त्याने पाहिलेच नव्हते. ट्रायग्लिसराइड्स २५० वरून १२० वर आली होती, 'चांगलं' म्हणतात ते एचडीएल ३६ वरून ४६ झालं होतं. 'वाईट' म्हणतात ते एलडीएल मात्र १२४ होतं ते १३०. पुष्कळ लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण आकड्यातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करून ते काढतात. उलटं मांडलं की कोडं सुटतं : ट्रायग्लिसराइड्स १३० ने उतरली, त्याच्या पाचव्या भागाचे २६ कमी झाले, एचडीएलचे १० आणि एलडीएलचे ६ वाढले, बेरीज जेमतेम १० ने उतरली. त्या एका बेरजेत मोठा फायदा झाकला गेला होता.

त्याची शस्त्रक्रिया 'स्लीव्ह' प्रकारची, म्हणजे जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून उरलेल्याची केळासारखी नळी करायची. आतड्याला हात लावत नाहीत. त्यामुळे ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएल सुधारतं, एलडीएल बहुधा फारसं हलत नाही. 'बायपास' प्रकारात जठराची अंड्याएवढी पिशवी ठेवून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. त्यात मात्र एलडीएलही चांगलं उतरतं. वजन दोघांचं उतरतं, मग हा फरक कुठून आला? मला सगळ्यात आवडणारी यंत्रणा इथेच आहे.

विहिरीवरचं रहाटगाडगं डोळ्यांसमोर आणा. यकृत हा कुंभार. तो कोलेस्टेरॉलच्या मातीतून पित्ताम्लं नावाची गाडगी घडवतो. ती पित्तरसातून आतड्यात उतरतात, जेवणातलं तेल-तूप पचायला मदत करतात आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. दिवसभरात अशा कितीतरी फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत शंभरातली साधारण ९५ गाडगी परत येतात. फुटलेल्या पाचेक गाडग्यांपुरतीच नवी माती लागते, ती दिवसाला जेमतेम अर्धा ग्रॅम.

आता कोणी वर येणारी गाडगी वाटेतच अडवली तर? शेवटच्या भागातल्या पेशींत पित्ताम्लं शिरली की ती एफएक्सआर या ग्राहीला (रिसेप्टरला, म्हणजे ठरावीक रेणू ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतात. मग त्या पेशी एफजीएफ-१९ नावाचा निरोप यकृताला धाडतात : गाडगी भरपूर आहेत, चाक थांबव. निरोप आला नाही की यकृतातलं गाडगी घडवणारं सीवायपी७ए१ हे विकर (एन्झाइम) जोरात कामाला लागतं आणि माती भराभर संपते. मग यकृत आपल्या पृष्ठभागावर एलडीएलचे ग्राही वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतं. (या ग्राहींच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.)

अमेरिकेत मिनेसोटाच्या हेन्री बुखवाल्ड यांनी १९६३ मध्ये नेमकं हेच केलं. लहान आतड्याचा शेवटचा भाग वाटेतून वगळला. उद्देश वजन नव्हता, कोलेस्टेरॉलच होता. पुढे एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८३८ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. १९९० मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी एलडीएल तुलनेच्या गटापेक्षा ३८ टक्के कमी होतं, हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा झटका येणं ३५ टक्क्यांनी कमी. किंमतही होती. जुलाब होत, आणि बी-१२ त्याच भागात शोषलं जात असल्याने त्याची इंजेक्शनं जन्मभर. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या आल्या आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली.

आजच्या बायपासमध्ये तो शेवटचा भाग शाबूत राहतो. तिथे कारण वेगळं आहे. आतड्यातलं बरंचसं कोलेस्टेरॉल जेवणातून आलेलं नसतं, आपल्याच पित्तातून उतरलेलं असतं. ते शोषणारी दारं आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जास्त. बायपासनंतर जेवण आणि पित्त यांची गाठ खूप खाली पडते, तोवर ही दारं मागे राहिलेली असतात.

म्हणून 'ऑपरेशन करा, कोलेस्टेरॉल कायमचं विसरा' ही जाहिरात खोटी आहे. शेंगदाणा तेलाच्या डब्यावरचं 'कोलेस्टेरॉल फ्री' तितकंच फसवं. शेंगेत ते होतं कधी? स्टॅटिन चालू असेल तर वजन उतरलं म्हणून मनाने बंद करू नये, हे मी भावाला दोनदा सांगितलं.

मग मी त्याला सहज विचारलं, उर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळी घेतोस ना? चरबीच्या पेशी नुसतं इंधन साठवत नाहीत, थोडं कोलेस्टेरॉलही धरून ठेवतात. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा ते सुटून पित्तात येतं, पित्त दाटतं आणि पित्ताशयात खडे धरतात. म्हणून ही गोळी पहिले सहा महिने देतात. लिंबू आणि ऑलिव्ह तेल पिऊन खडे पाडायचा उपाय मोबाइलवर फिरतो, त्यात दुसऱ्या दिवशी पडणारे हिरवे गोळे म्हणजे त्या तेलाचाच पोटात झालेला साबण असतो.

भाऊ थोडा गोंधळला. ती पित्ताची गोळी ना? ती त्याने दुसऱ्याच महिन्यात सोडली होती. आपल्या बोलीत पित्त म्हणजे छातीतली जळजळ, आंबट ढेकर. त्याला तसलं काही होत नव्हतं, मग गोळी कशाला? चिठ्ठी लिहिणाऱ्याने 'पित्तासाठी' म्हटलं होतं ते यकृताच्या पित्तरसाबद्दल.

कळण्याच्या पुऱ्या तळून होईस्तोवर मी त्याला फोन करायला लावला. बुधवारी सोनोग्राफी आहे.