अमल मोनोब्लॉक कार्बोरेटर : सुटे भाग आणि पुनर्बांधणी

अमल मोनोब्लॉक म्हणजे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक ब्रिटिश मोटारसायकलींवर बसवला गेलेला कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. बनवणारी कंपनी बर्मिंगहॅमची अमल. ती १९२७ मध्ये तीन जुन्या कार्बोरेटर कंपन्या एकत्र येऊन उभी राहिली. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन, रॉयल एनफील्ड अशा नावाजलेल्या सगळ्या गाड्यांवर मोनोब्लॉक दिसतो. आधीच्या नमुन्यांत फ्लोटचे भांडे (यातला तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो) वेगळे जोडलेले असे. मोनोब्लॉकमध्ये ते बॉडीतच ओतलेले, बाजूला झाकण, झाकणाला तीन स्क्रू. १९६७ मध्ये अमलनेच कॉन्सेंट्रिक हा नवा नमुना बाजारात आणला आणि मोनोब्लॉक मागे पडला. भारतीय वाचकाला तो माहीत आहे तो बुलेटमुळे. लष्कराने ८०० बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया सुरू झाली. त्या काळच्या बुलेटच्या कार्बोरेटरबद्दल चौकशी करताना मोनोब्लॉकचे नाव हटकून निघतेच.

मोनोब्लॉकचे तीन मुख्य आकार : ३७५, ३७६ आणि ३८९. यांतला ३७६ मधला. त्याचे तोंड जास्तीत जास्त १ १/१६ इंच, म्हणजे सुमारे २७ मिमी. बॉडीवर ३७६ नंतर तिरकी रेघ आणि पुढे आणखी आकडे ठोकलेले असतात. हा पुढचा आकडा कार्बोरेटर कोणत्या गाडीसाठी, कोणत्या जेटसह (पेट्रोल मापून सोडणारे भोक असलेला छोटा भाग) आणि कोणत्या स्लाइडसह कारखान्यातून निघाला ते सांगतो. सुटे भाग शोधायला निघण्याआधी बॉडी घासून तो वाचावा. अनेक जुन्या गाड्यांवर आज दुसऱ्याच गाडीचा कार्बोरेटर असतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. मग ‘मायलेज का देत नाही’ म्हणून प्लग बदलत बसतो.

बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव आहे, आणि पुनर्बांधणीचा सगळा निकाल तिच्यावर लागतो. थ्रॉटल फिरवला की वर जाऊन हवेची वाट मोकळी करणारी स्लाइड (गॅरेजात तिला पिस्टनच म्हणतात) वर्षानुवर्षे वरखाली होऊन बॉडीची आतली भिंत झिजवते. स्लाइड बोटांत धरून हलवली आणि खडखडली, की तिच्या बाजूने हवा शिरते आहे असे समजावे. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन संथ चालणे, कधीच धरत नाही. नवी स्लाइड घातली तरी जुन्या, लंबवर्तुळाकार झालेल्या भिंतीत तिचा खडखडाट राहतोच. उपाय दोन : चांगली बॉडी मिळवणे, नाहीतर लेथवर बोअर करून आत स्लीव्ह (पातळ नळी) घालणे. ‘रिपेअर किट’च्या पिशवीत पॅकिंग, वॉशर, फ्लोटची पिन आणि एखादा जेट असतो, झिजलेल्या बॉडीला त्याने काडीचाही फरक पडत नाही. तरी विकले जाते तेच सर्वांत जास्त.

दुसरे दुखणे फ्लँजचे, म्हणजे बॉडीच्या इंजिनाला टेकणाऱ्या सपाट कडेचे. इंजिनाला धरणारे दोन नट कुणीतरी जीव खाऊन आवळलेले असतात, त्यामुळे फ्लँज कमानीसारखा वाकतो. सरळ पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरली की मधली फट दिसते. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासत तो सपाट करतात. घाई केली तर एक बाजू जास्त खाली जाते.

खोलताना चुकीला जागा आहे ती जेट ब्लॉकशी. हा ठोकळा बॉडीत खालून दिसतो, पण निघतो वरच्या बाजूने, आणि त्याला बाजूने एक छोटा स्क्रू अडवून धरतो. तो स्क्रू न काढता हातोडी मारणारे मिस्त्री कमी नाहीत. ब्लॉक लाकडी दांड्याने खालून हलकेच वर ढकलावा. त्याच्या बुडाचे वॉशर गेले असेल, तर पेट्रोल नको तिथून झिरपते आणि गाडी आयडलवर कारण नसताना रिच (मिश्रणात पेट्रोल जास्त) चालते.

सफाईला कार्बोरेटर क्लीनर किंवा अल्ट्रासॉनिक टब चालतो. ॲसिड आणि कॉस्टिक सोडा नको. दोन्ही जस्ताला खातात. पायलट जेट (आयडलचे पेट्रोल देणारा) टोपीसारख्या नटाखाली असतो आणि सहज निघतो. त्याच्यापुढची बॉडीतली केसासारखी भोके मात्र कॉम्प्रेसरच्या हवेने आणि चिकाटीनेच उघडतात. जेटमधून तार घालणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे. अमलच्या मेन जेटवरचा आकडा मिनिटाला किती घनसेंटिमीटर पेट्रोल जाते ते सांगतो. तार फिरली की भोक मोठे होते, आकडा मात्र तोच राहतो. निडल जेटचेही (यात स्लाइडला लटकलेली निडल, म्हणजे सुई, वरखाली होते) असेच : १०६ म्हणजे ०.१०६ इंच. निडल घासून घासून भोक किंचित वाढले, तरी अर्ध्या थ्रॉटलवर प्लग काळा पडतो.

भागांचे मूळ घर आजही इंग्लंडच. सॉल्झबरीची बर्लेन ही कंपनी अमलचे कार्बोरेटर आणि भाग बनवते. आकडा सांगून मागवले की नेमका जेट मिळतो, पण पोस्ट आणि कस्टम्स मिळून त्या छोट्याशा पितळेची किंमत बरीच फुगते. इकडे दिल्लीचे करोल बाग, चेन्नईचे पुदुपेट, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूची ऑटो पार्ट्सची दुकाने आणि पुण्याचा जुना बाजार ही खात्रीची ठिकाणे. जुन्या बाजारात बॉडी घेताना मापायचे साधन नसले तरी तीन गोष्टी पाहाव्यात : फ्लँज, स्लाइडचा खडखडाट आणि आटे. अमलचे आटे ब्रिटिश मापाचे. मेट्रिक स्क्रू दाबून बसवल्याने अर्ध्या बॉडींचे आटे गेलेले असतात. लोकल निडल जेटवर आकडा असला, तरी पिन गेजने (भोक मापायच्या सळ्यांनी) तपासूनच घालावा. रोज चालवायच्या बुलेटला नंतरच्या गाड्यांवरचा व्हीएम २४ मिककार्ब कार्बोरेटर बसवणे हा सरळ तोडगा आहे. प्रदर्शनाच्या गाडीत तो खटकतो, एवढेच.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलने काम वाढवले आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. गाडी पावसाळाभर उभी राहिली की फ्लोटच्या भांड्यात पांढरी भुकटी जमते आणि जुनी रबरे फुगतात. उभी करण्याआधी भांडे रिकामे करणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

ट्यूनिंगचा क्रम ठरलेला आहे : आधी पूर्ण थ्रॉटलवर मेन जेट, मग पायलट, मग स्लाइडचा काप (तिच्या खालच्या कडेची कापलेली बाजू), मग निडलची खाच (क्लिप कोणत्या खाचेत ते), आणि शेवटी पुन्हा पायलट. स्लाइडवरचा आकडा, उदाहरणार्थ ३ १/२, काप इंचाच्या सोळाव्या भागांत किती आहे ते सांगतो. आकडा वाढला की मिश्रण पातळ होते. पायलटचा स्क्रू हवेचा आहे, पेट्रोलचा नव्हे : आत फिरवला की मिश्रण रिच होते. दोन कार्बोरेटरच्या गाड्यांत, म्हणजे १९५९ च्या ट्रायम्फ बॉनव्हिलसारख्यांत, आणखी एक पायरी येते. त्या वर्षी तर मोनोब्लॉकची फ्लोटची भांडी कापून दोघांना मिळून एकच वेगळा फ्लोट दिला होता. अशा जोडीत दोन्ही केबलींची ढील सारखी करून, दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का ते आधी पाहावे लागते; ते जुळल्याशिवाय जेट बदलण्यात अर्थ नाही.