बिनहाडाचा पोर्क रोस्ट

बिनहाडाचा पोर्क रोस्ट म्हणजे हाड काढून टाकलेला डुकराच्या मांसाचा अखंड तुकडा, सहसा एक ते दोन किलो वजनाचा, ओव्हनच्या कोरड्या उष्णतेत भाजून आणि काप करून वाढला जाणारा पदार्थ. युरोप-अमेरिकेत तो सणावारी आणि रविवारच्या जेवणात असतो. इंग्लंडमध्ये त्यासोबत सफरचंदाचा सॉस देतात, तर डेन्मार्कमध्ये नाताळच्या आदल्या रात्री वरची कातडी कुरकुरीत केलेला फ्लेस्कस्टाय करतात. हाड नसल्यामुळे काप सुबक पडतात, पण मांस आतून कोरडे पडण्याचा धोकाही असतो.

रोस्ट कसा होणार हे मसाल्यापेक्षा मांस शरीराच्या कोणत्या भागाचे आहे यावर ठरते. पाठीच्या कण्यालगतचा लॉइन हा कमी चरबीचा, फारसे श्रम न करणारा स्नायू असल्याने तो बेताने भाजावा लागतो. खांद्याच्या मांसात मात्र चरबी आणि कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, भरपूर असते. ते १५० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये काही तास राहून आतून ९० अंशांच्या आसपास पोहोचले, की कोलॅजनचे जिलेटिन होते आणि मांस काट्याने सुटते. लॉइनला हीच वागणूक दिली तर तो चिवट आणि भुसभुशीत होतो. घरगुती रोस्ट फसण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

किलोमागे सुमारे १२ ते १५ ग्रॅम मीठ आदल्या रात्री चोळून तुकडा फ्रिजमध्ये उघडा ठेवल्यास मीठ आत मुरते आणि पृष्ठभाग कोरडा होऊन नंतर चांगला तांबूस होतो. हाड काढताना सैल पडलेले मांस सुती दोऱ्याने तीन-चार सेंटिमीटर अंतरावर बांधून घेतात, म्हणजे जाडी सारखी राहते. १७५ अंशांवर लॉइनला किलोमागे साधारण पाऊण तास ते पंचावन्न मिनिटे लागतात. लहान ओटीजीमध्ये, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, तुकड्याचा माथा वरच्या सळ्यांच्या फार जवळ येतो, म्हणून जाळी खालच्या खाचेत लावावी आणि रंग आल्यावर वर फॉइल झाकावी.

तरीही घड्याळावर विसंबू नये. तुकड्याच्या सर्वांत जाड भागात, मधोमध आणि चरबी टाळून खुपसलेला तापमापकच खरे सांगतो. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ मध्ये डुकराच्या अखंड मांसासाठी आतल्या तापमानाची किमान मर्यादा ७१ अंशांवरून ६३ अंशांवर आणली आणि त्यानंतर किमान तीन मिनिटे मांस तसेच ठेवण्याची अट घातली. खिम्यासाठी ७१ अंश कायम राहिले. डुकराचे मांस कमी शिजले तर काय, या जुन्या भीतीमागे ट्रिकिनेला हा कृमी होता. जेम्स पॅजेट या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तो १८३५ मध्ये लंडनमध्ये शवविच्छेदन करताना मानवी स्नायूंत आढळला होता. हा कृमी ६३ अंशांच्या आधीच मरतो. बाहेर काढल्यावरही तुकड्याचे आतले तापमान काही अंशांनी वाढते, त्यामुळे लॉइन ६० अंशांवर काढून पंधरा मिनिटे ठेवला आणि काटा ६३ च्या वर गेल्याची खात्री करून कापला, तर तो मधोमध किंचित गुलाबी आणि रसाळ राहतो. हा गुलाबीपणा कच्चेपणाची खूण नव्हे.

भारतात मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. उकिरड्यावर चरणाऱ्या डुकरांच्या मांसातून टीनिया सोलियम या फीतकृमीच्या अळ्या पोटात जाऊ शकतात. आतड्यात वाढलेल्या या कृमीच्या अंड्यांमुळे होणारा मेंदूचा विकार इथे अपस्माराचे एक प्रमुख कारण आहे. म्हणून मांस तपासणी झालेल्या खात्रीच्या दुकानातूनच घ्यावे, आणि ते कुठून आले हे ठाऊक नसेल तर गुलाबीपणाचा मोह सोडून खांद्याचा तुकडा पूर्ण शिजवावा.

गोव्यातील ख्रिस्ती घरांत याच जातीचा पदार्थ आसाद या नावाने केला जातो, आणि त्यासाठी ओव्हनची गरज नसते. चरबीचा पापुद्रा असलेल्या बिनहाडी तुकड्याला आले-लसूण, हळद, मीठ आणि व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चोळून तो मुरवतात. मग दालचिनी, लवंग, मिरी आणि सुक्या मिरच्यांसह जाड बुडाच्या भांड्यात थोड्या पाण्यावर मंद आचेने शिजवतात. पाणी आटल्यावर तो सुटलेल्या चरबीतच सर्व बाजूंनी परततात. काप करण्याआधी तुकडा चांगला निवू देतात, कारण गरम असताना सुरी लावली तर त्याचे धागे सुटतात. भांड्याच्या तळाशी राहिलेला दाट रस गरम करून कापांवर ओततात.