फ्लूची लस आणि आतड्यांचा जुना आजार

नाशिकमध्ये पावसाळा तोंडावर आला, की अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हे आतड्यांच्या दाहाचे जुनाट आजार असलेल्या रुग्णांच्या कानांवर एक जुना सल्ला हमखास पडतो: प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना फ्लूची लस घेऊ नये, तिनेच फ्लू होतो आणि पोटाचा आजार उसळतो. हा समज चुकीचा आहे. दंडात टोचली जाणारी लस निष्क्रिय विषाणूपासून बनवलेली असल्याने तिच्यामुळे फ्लू होऊच शकत नाही. एक-दोन दिवस दंड दुखतो, अंग कसकसते, आणि बहुधा त्यालाच लोक फ्लू समजतात. लसीमुळे आतड्यांचा दाह बळावतो, असेही अभ्यासांत आढळलेले नाही. खरा धोका फ्लूचाच आहे, कारण प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रिन किंवा इन्फ्लिक्सिमॅब यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना त्यातून न्यूमोनिया होण्याची शक्यता अधिक असते. सल्ल्यात तथ्य आहे ते एवढेच, की नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची असल्याने अशी औषधे घेणाऱ्यांनी ती टाळावी. संरक्षण मिळायला सुमारे २ आठवडे लागतात आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात व पुन्हा थंडीत वाढतो, म्हणून लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी, घ्यावी; निफाडचा पारा उतरेपर्यंत थांबू नये. ताप आलाच, तर चालू औषधे मनाने बंद न करता डॉक्टरांना लगेच विचारावे.