इंडी अकूस्टिक अल्बम

एक गिटार, एक आवाज आणि फार तर पियानो किंवा चेलो एवढ्यावर बिघडत्या नात्यांची गाणी मांडणारा, बहुधा घरीच ध्वनिमुद्रित केलेला अल्बम. शब्द उदास कुठल्याही संगीतात असू शकतात; गाणारा अगदी कानाशी बोलतो आहे हा भास या प्रकाराची खरी खूण.

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ (१९८२) हा अल्बम चार ट्रॅकच्या (चार स्वतंत्र मुद्रणे एकत्र ठेवणाऱ्या) कॅसेट रेकॉर्डरवर कच्चा नमुना म्हणून मुद्रित झाला. बँडसह वाजवल्यावर गाण्यांतला एकटेपणा हरवला, म्हणून कॅसेटवरचेच मुद्रण प्रसिद्ध केले गेले. ‘बॉन इव्हेर’ या अमेरिकन बँडच्या पहिल्या अल्बमचे बरेचसे काम त्याचा गायक जस्टिन व्हर्ननने २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधील एका केबिनमध्ये केले, त्यात मात्र एकाच गळ्याचे अनेक थर आहेत.

गिटारसाठी कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा) मायक्रोफोन बाराव्या फ्रेटसमोर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीसमोर), २० ते ३० सेंमीवर ठेवतात. गिटारच्या भोकासमोर ठेवला तर पोकळीचा सुमारे १०० हर्ट्‌झचा घुमारा बाकी सारे झाकतो. गळ्यासाठी १० ते १५ सेंमी पुरतात. त्याहून जवळ गेल्यास खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘भ’ यांचे फटके बसतात. मायक्रोफोन ओठांच्या किंचित बाजूला सरकवला तरी ते बरेच कमी होतात.

कुजबुजत्या आवाजाला भरीवपणा देण्यासाठी तीच ओळ दोनदा गाऊन एक टेक (एका वेळचे मुद्रण) डावीकडे, दुसरा उजवीकडे ठेवतात. एकाच टेकची नक्कल करून हे साधत नाही: आवाज फक्त मोठा होतो. दोन गायनांतल्या बारीक तफावतीतच सगळी गंमत आहे. पण ‘स’ आणि ‘त’ मागेपुढे पडले की कानाला टोचतात, म्हणून दुसऱ्या टेकमध्ये ही व्यंजने जवळजवळ गिळून टाकावीत.

सर्वांत जास्त फसगत कॉम्प्रेसर, म्हणजे मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणारे साधन, करतो. त्याने १० डेसिबल दाबून आवाज तेवढाच पुन्हा वर आणला, की शांत जागी फ्रिजची घरघर आणि खुर्चीची करकरही १० डेसिबलने वर येते. फ्रिज मुद्रणापूर्वीच बंद करावा. श्वास आणि तारांवरून सरकणारी बोटे मात्र ठेवावीत. ती पुसली की जवळीकही पुसली जाते.

मेट्रोनोमशिवाय (ठोक्यांनी लय धरून देणाऱ्या यंत्राशिवाय) वाजवलेली लय मोकळी वाटते, पण दोन टेक जोडताना सांधा उघडा पडतो. अशा वेळी अख्खे गाणे पुन्हा वाजवणेच सोपे.

गाण्यांचा क्रम लावताना, एकाच कॅपोवर (तारा दाबून सूर चढवणाऱ्या चिमट्याच्या एकाच जागी), एकाच लयीत बसवलेली दोन गाणी लागोपाठ आली तर दुसरे पहिल्याचीच लांबण वाटते. एलपीवर (विनाइल तबकडीवर) शांत जागी सुईची खरखर लवकर जाणवते, त्यामुळे एका बाजूवर १८ ते २० मिनिटांहून अधिक न भरलेले बरे.