भाकरी सुटल्यावर यकृतात काय घडतं

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर काही दिवसांत पेशंटच्या तोंडाला फळासारखा उग्र वास येऊ लागतो आणि घरचे धास्तावतात. "पोटात अन्नच नाही, ज्वारीचं आंबील तरी पाजू का?" फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साचलेल्याच्या घरी ही काळजी दुप्पट असते.

वास किटोसिसचा असतो. कर्बोदकं कमी पडली की यकृत चरबीपासून कीटोन नावाचं पर्यायी इंधन बनवतं, त्या अवस्थेला किटोसिस म्हणतात. स्वतःला ते वापरता येत नाहीत, मेंदू-स्नायूंसाठी रक्तात सोडतं. दीर्घ उपासात मेंदू कीटोनवर चालतो, हे बॉस्टनच्या जॉर्ज केहिल यांच्या गटाने १९६७ मध्ये दाखवलं. आपल्याकडे उपास काही कमी नाहीत. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. म्हणूनच तुळजाभवानीचं नवरात्र धरणाऱ्या घरालाही हा वास बहुधा अनोळखी असतो.

यकृताबद्दलची धास्ती मात्र निराधार नाही. १९५४ मध्ये मिनेसोटात क्रेमेन, लिनर आणि सहकाऱ्यांनी वजन कमी करण्यासाठी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळणारा बायपास मांडला. वजन झपाट्याने उतरायचं, पण काही पेशंटांचं यकृत आणखी चरबीने भरलं, निकामी झालं, काही दगावले. दोष मुख्यतः प्रथिनांच्या उपासमारीवर आणि वगळलेल्या आतड्यात माजणाऱ्या जंतूंवर ठेवला गेला. १९८० च्या सुमारास ते ऑपरेशन मागे पडलं. त्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी दारू न पिणाऱ्यांचंही यकृत दारुड्यासारखं बिघडतं हे वीस पेशंटांवरून मांडलं, त्यातले बहुतेक स्थूल होते. "थेंबाला शिवलो नाही, मग लिव्हर कसं खराब?" या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

दरम्यान १९६६ मध्ये आयोवात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास सुरू केला, पुढे जठर निमुळतं करणारी स्लीव्ह आली. आतड्याचा मोठा भाग वगळला जात नसल्याने आता बहुतेकांच्या यकृतातली चरबी ओसरते. ऑपरेशनआधी दोन-चार आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात, तोही यकृत आक्रसावं म्हणूनच, कारण त्याचा डावा भाग जठरावर येतो आणि सर्जनला तो उचलून धरावा लागतो.

साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात. ऑपरेशननंतर जठरात मावतं वाटीभरही नाही, तेव्हा किटोसिस आपोआपच येतो. एवढ्याशा जागेत आंबील भरलं तर प्रथिनांना जागा उरत नाही, आणि दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणून माझ्या मते आधी घट्ट वरण, दही, अंड्याचा पांढरा भाग आणि सांगितलेली प्रथिन पावडर. कर्बोदकं त्यानंतर, आहारतज्ज्ञ वाढवतील तशी.

मधुमेहींची गोष्ट वेगळी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर साखर फारशी न वाढताही कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१५ मध्ये तसा इशारा दिला आणि २०२० मध्ये या गोळ्या नियोजित ऑपरेशनआधी किमान तीन दिवस थांबवायला सांगितलं. अशा पेशंटला उलट्या, धाप किंवा गुंगी आली, तर ग्लुकोमीटरचा आकडा चांगला दिसला तरी घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.